पंखावरची सुरकुती

विमान गवतावरून धावलं, उठलं, आणि उठता क्षणी डाव्या अंगाला कललं.

“उजवीकडे घ्या, काका! उजवीकडे!” दातांचा डॉक्टर ओरडला.

काकांनी रिमोटची दांडी उजवीकडे पार टोकाला नेलेलीच होती. विमान ऐकेना. झोपेतलं माणूस कूस बदलतं तसं ते उलथं झालं आणि कुंपणापाशी नाक खुपसून थांबलं. सात महिन्यांचं काम सात-आठ सेकंदांत आटोपलं.

मैदानावर दहा-बारा हौशी माणसं होती.

काकू घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच सगळ्यांना हसवलं होतं. “डोकी सांभाळा रे बाबांनो! यांच्या हातात कप दिला तर निम्मा चहा बशीला पाजतात, आणि आज विमान चालवणार म्हणे!” डॉक्टर पोट धरून हसला होता. काकासुद्धा हसले होते.

आता काका गोळा करून आणलेले तुकडे खुर्चीपाशी मांडत होते. नाकाचा चुरा झाला होता. शेपूट एका तारेला लोंबत होतं. पंख मात्र रबरांनी बांधलेला, तो सुटून बाजूला पडला होता, अख्खा. काकांनी तो उचलला, एक डोळा मिटला आणि टोकाकडून आडवा बघितला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. फळी वाकडी की सरळ, हे त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागत नसे.

पंखाला पीळ पडला होता.

त्यांनी काकूंकडे बघितलं. एकदाच. मग पंख त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खाली बसून चाकं वेचू लागले.

सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा हा पंख टेबलावर होता, पीळ पडू नये म्हणून टाचण्यांनी फळीला पक्का धरलेला. वर लाल प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवलेला, आणि त्या कागदावर दोन सुरकुत्या. काकूंना ते बघवेना. आपल्या घरातलं माणूस कधी चुरगळल्या कपड्यात बाहेर पडलं नाही, आणि चार लोकांत हे असलं न्यायचं? कागद इस्त्रीनंच तर बसवतात. त्यांनी टाचण्या काढल्या, पंख मांडीवर घेतला आणि वरच्या अंगानं गरम इस्त्री फिरवली. कागद आकसून ढोलासारखा ताठ झाला. मग पंख होता तसा ठेवून दिला. काकांनी रात्री दोनदा तपासला होता, म्हणून सकाळी तपासला नाही. त्यांच्या काही लक्षात आलं नाही, याचा काकूंना वर आनंदच झाला होता.

डॉक्टर काकांशेजारी उकिडवा बसला. “मनाला लावून घेऊ नका, काका. पण खरं सांगू? हात थरथरला. काकू म्हणाल्याच की मघाशी.”

“असेल,” काका म्हणाले.

“आता थोडे दिवस तारेवर उडवा. माझ्यासोबत.”

तारेवर म्हणजे दोन रिमोट एका तारेनं जोडायचे. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकणारा चुकला की शिकवणारा विमान काढून घेतो. नवख्यांना तसं देतात. डॉक्टर स्वतः वर्षभर त्या तारेवर होता, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला काका होते.

काका मान हलवून हो म्हणाले.

काकूंना बोलायला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. सुनांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा. पण हे काही तोंडातून निघेना. शेवटी बसूनच, मांडीवरचा पंख उचलून धरत त्या म्हणाल्या, “हात नाही थरथरला यांचा. मी इस्त्री फिरवली सकाळी. पंख माझ्यामुळे वाकडा झालाय.”

घोळक्यातला एक बँकवाला हसला. “वा, काकू! नवऱ्यासाठी खोटं बोलावं तर असं!”

“खोटं कशाला बोलू, मेल्या? बघ की हा पंख!”

“एवढ्या उंचीवरून पडल्यावर वाकणारच ना तो.”

डॉक्टरच्या बायकोनं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. “काका, नशीब काढलंत हो. आमच्या ह्यांचं विमान पडलं असतं तर मी गावभर सांगितलं असतं.”

काकूंनी काकांकडे बघितलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं. लाकडाच्या बाबतीत त्यांचा शब्द इथं कुणी खाली पडू देत नसे.

“राहू दे आता,” काका म्हणाले. “ऊन लागेल. पदर घे डोक्यावर.”

रागानं म्हणाले असते तर काकूंनी दोन शब्द फिरवून दिले असते. रागानं नव्हते म्हणाले.

“आत्ताच एक फेरी मारू,” डॉक्टर म्हणाला, “भीती बसायच्या आत.” कुणीतरी सगळ्यांचं शिकाऊ विमान आणलं. तार जोडली. काका पुढे उभे राहिले, डॉक्टर दोन पावलं मागे. विमान सरळ उठलं, कुंपणावरून मोठा गोल फिरलं आणि अलगद गवतावर उतरलं. डॉक्टरला त्याच्या रिमोटचं बटणसुद्धा दाबावं लागलं नाही.

“शाब्बास, काका!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं पाऊल टाकलेल्या पोरासाठी वाजवतात तशा. काका पाठमोरेच उभे राहिले, रिमोट छातीशी धरून.

“काकू, वाजवा की!” डॉक्टरची बायको म्हणाली.

काकूंनी मांडीवरचा पंख गवतात ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.