तिरका लामणदिवा

रविवारी सकाळी बुकित बातोकच्या आमच्या चौदाव्या मजल्यावर देवापुढचा लामणदिवा हलला.

"तुझाच धक्का लागला असेल," माझा नवरा निशिकांत म्हणाला. या घरात जे पडतं, फुटतं, हलतं, ते सगळं माझ्यामुळेच.

मी फोन निशिकांतच्या नाकासमोर धरला. कुठल्याशा दूरच्या बेटांखाली हलका भूकंप झाला होता.

"एवढासा भूकंप इथवर पोचतो होय?" तो हसला.

दिवा झुलायचा थांबला, पण तिरकाच. साखळी खिडकीकडे ओढल्यासारखी ताठ होती. निशिकांतने ती सरळ करून सोडली. दिवा पुन्हा खिडकीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आता हस," मी म्हणाले.

तो हसला नाही. पाय न उचलता तो खिडकीकडे सरकू लागला होता.

"मीनल, ढकलू नकोस मला."

मी पार स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, हाताची घडी घालून.