नखावरची रेघ

पित्याच्या हितासाठी पित्याचीच फसवणूक करणे हे पाप की पुण्य, याचा निर्णय दुर्गेशला करता येत नव्हता. आणि हातातली कानस तर चालूच होती.

वैशाखातली दुपार होती. वडील, बिसनलाल, ओसरीवर निजले होते. त्यांच्या पत्र्याच्या डब्यातला लाकडी मासा दुर्गेशने मांडीवर घेतला होता. हिरव्या पाठीचा हा बनावट मासा दोरीने पाण्यात ओढला की सजीवासारखा वळवळे, आणि नवेगाव बांधाच्या तलावातली मरळ त्यावर झेप घेई. त्याच्या पोटाखाली तीन काट्यांचा गळ होता. दुर्गेशने तिन्ही टोके घासून सपाट केली, कानस चिंधीने स्वच्छ पुसून माशासोबत डब्यात परत टाकली आणि डबा होता तिथे ठेवला.

पत्नी सुखवंताबाई निवर्तल्यापासून बिसनलाल एकटेच राहत. चैत्रात ते न्हाणीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत पाच तास तसेच पडून होते. हे कळताच दुर्गेश त्यांना न्यायला नागपूरहून आला. पण बिसनलाल तो विषयच काढू देत नसत. अखेर आज सकाळी बोटींच्या धक्क्यावर, बोटवाल्या मनिरामच्या देखत, त्यांनी स्वतःच पैज लावली.

"उद्यापासून तीन दिवस. ह्या धक्क्यावरून एक मरळ काढली त मी इथंच राहीन, आन तू मंग तोंड उघडायचं नाही. नाही निघाली त तुह्या गाडीत बसतो. मनिराम, आयकून राहिला ना?"

"आयकून राहिलो ना, बिसनभाऊ," मनिराम हसत म्हणाला. "पण दुलीचंद पोराकडं गोंदियाले गेला तवा तुमीच म्हटलं होतं, पोराच्या घरी बाप म्हंजे पायपुसणं. आता तुमीच गेले त गाव तुमाले हासणार नाही का?"

बिसनलाल हसले नव्हते.

उन्हाळ्यात पाणी उतरले की मरळ काठाशी येते. त्या दिवसांत या धक्क्यावरून बिसनलाल सलग तीन दिवस रिकाम्या हाताने परतल्याचे कोणालाच आठवत नव्हते. म्हणून ही कानस.

पहिल्या सकाळी उजाडताच दोघे धक्क्यावर पोहोचले. बिसनलालांनी डब्यातून मासा काढला आणि गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर ओढले. नखावर पांढरी रेघ उमटली तरच तो गळ पाण्यात जायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. तो नेमका दुर्गेशच्या स्मरणातून गेला होता.

बिसनलालांनी तिन्ही टोके ओढून पाहिली. नख डोळ्यांजवळ नेले. क्षणभर पाण्याकडे पाहिले आणि काठीने मासा दूर फेकला.

बाबूजींचे डोळे अधू झाले असणार, बोटे बधिर झाली असणार. दुर्गेशला हायसे वाटले, आणि लगोलग लाजही वाटली.

त्या सकाळी दोनदा झटका बसला. दोन्ही वेळा दोरी ढिली पडली.

"बिसनभाऊ, मासोळ्या नकली माल वळखून राहिल्या," मनिरामने हाक दिली. "आता त्याहिले आलूबोंडा लावून पाहा."

"तू आपली बोट पाह्य, लेका. बुडून राहिली."

दुर्गेश धक्क्यावर येरझारा घालत होता.

"काऊन फिरून राहिला रे? बस ना. तुह्या पायानं मासोळ्या पळतेत." मग दोरी गुंडाळता गुंडाळता बिसनलालांनी विचारले, "तुह्या घरच्या खिडकीतून काय दिसते?"

"रस्ता दिसते, बाबूजी. आन एक कडुनिंब."

"हं," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी एक मोठी मरळ लागली, धक्क्याच्या खांबापर्यंत आली आणि सुटली. बिसनलाल कठडा धरून सावकाश खाली बसले.

"हात गेला माहा," ते म्हणाले.

हे शब्द दुर्गेशला दिवसभर सोडीनात. त्याला जेवण गेले नाही, दुपारी पाठ टेकवली तर डोळा लागला नाही. पित्याला गावातून न्यावे एवढीच त्याची इच्छा होती. त्यांचा हातच त्यांच्यापासून हिरावून घ्यावा, ही नव्हती. तो बाजारात गेला, नवा गळ घेऊन आला आणि गुपचूप माशाला जोडला. टोक स्वतःच्या नखावर ओढून पाहिले. ठसठशीत पांढरी रेघ उमटली. आता जे घडेल ते खरे घडेल, असे त्याने मनाशी म्हटले. तरीही न्हाणीतले ते पाच तास त्याच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

तिसऱ्या सकाळी बिसनलालांनी नेमाप्रमाणे गळ नखावर ओढला. या वेळी ते बराच वेळ नखाकडे पाहत राहिले.

"जाय, मनिरामकडून चहा आण," ते म्हणाले. "ताजा मांडाले लाव. घाई करू नको."

धक्क्याच्या तोंडाशी मनिरामचा स्टोव्ह होता. दुर्गेश दोन पेले घेऊन परतला, तेव्हा मासा पाण्यात पडलेला होता.

सूर्य हातभर वर आला असताना पाणी फुटले. आजवर पाहिली नव्हती एवढी मरळ हवेत उसळली. काठी कमानीसारखी वाकली. ती निघावी की सुटावी, काय मागावे हे दुर्गेशला कळेना.

दोरी ढिली पडली.

"गेली!" मनिराम ओरडला.

बिसनलालांनी शांतपणे दोरी शेवटपर्यंत गुंडाळली. "शब्द म्हंजे शब्द. मनिराम, गावाले सांगजो, बिसनलाल पैज हरला म्हणून जाऊन राहिला. दुसरं काही सांगू नको."

तासाभरात घराला कुलूप लागले. बिसनलाल गाडीत पुढे बसले, पट्टाही त्यांनी न सांगता लावला. सामान मागे ठेवताना पत्र्याचा डबा कलंडला आणि उघडला. दुर्गेश मासा उचलायला वाकला.

गळ कालचाच होता, नवा आणि चकचकीत. त्याची तिन्ही टोके सपाट होती, आणि दुर्गेशने स्वच्छ पुसून ठेवलेल्या कानशीच्या दातांत लोखंडाची ताजी पूड अडकली होती.

त्या दोघांचा प्रवास सुखाचा होवो.