रविवारचा फोन

“मग शेजाऱ्यांनी घेतलं म्हणून, असं लिहू?” यादिराने विचारलं.

“लिही काहीतरी,” चेंचामावशी म्हणाली. “आधी हे मक्याचं आतोले पी, निवतंय.”

यादिराला लिहवेना. लोकांनी मेसेजचं ॲप का घेतलं, हे विद्यापीठासाठी तपासत ती ओआहाकाच्या डोंगरातल्या आपल्याच गावात हिंडत होती. स्वस्त, सोपं, सोयीचं, अशी उत्तरं ती घरूनच योजून आली होती. गावाने ती सगळी धुडकावली. ज्याला विचारावं तो एकच सांगे, चेंचामावशीनं घ्यायला लावलं. आणि ॲप येण्याआधी गावातला एकुलता एक टेलिफोन, तोही पैसे घेऊन चालणारा, होता चेंचामावशीचाच!

काय दिवस होते ते! उत्तरेत, सीमेपलीकडे कामाला गेलेल्या कुणाचा फोन आला की मावशीचा भोंगा गरजायचा, “होआकिनाबाई, लॉस एंजेलिसहून फोन!” होआकिनाबाई पिठाच्या हातांनी धावत सुटायची. मागून कुणीतरी ओरडायचं, “तिकडं दुसरी केली नाही ना, विचार गं!” रविवारी यादिराच्या आईचंही नाव यायचं. आई फोनच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायची. यादिरा बाहेर उड्या मारत आपल्या पाळीची वाट पाहायची, पण लाइन नेमकी तेव्हाच तुटायची. तरी ‘बाबांनी तुझी आठवण काढली’ एवढ्यावर ती आठवडाभर शाळेत मिरवायची.

“मावशी, आपल्याच धंद्यावर कुणी धोंडा घालतं का? खरं सांग ना. मला तो भोंगा हवा होता गं.”

मावशीने चुलीतलं लाकूड उगाचच मागे ओढलं.

“तुझ्या बापाचा फोन कधी आलाच नाही, पोरी.”

यादिराने आतोलेचा पेला खाली ठेवला.

“भोंग्यावर ज्या घराचं नाव येत नाही, ते घर गावाला बरोबर कळायचं. तुझी आई म्हणाली, रविवारी माझंही नाव पुकार, पोरीला ऐकू जाऊ दे. मी पुकारलं. या ॲपमध्ये बरं आहे, कुणाला कुणाचा निरोप आला नाही ते कुणाला कळत नाही.”

“म्हणजे ते पुकारणं माझ्यासाठी...”

“आधी तुझ्यासाठीच. पण तू शहरात शिकायला गेलीस, तरी ती दर रविवारी यायची, दार लावून त्या मुक्या फोनशी हसून बोलत बसायची. मला बघवेना गं.”