नवसाची ओटी

संभाजीनगर पसरत गेलं, तशी खालच्या गावात नदी नासत गेली. नाकाला पदर लावून द्वारकाबाईनं नवस बोलला होता, "गंगामाय, तुझी घाण एकदाची जाऊ दे, खणानारळानं ओटी भरीन." यंदा शहरानं सांडपाण्याचे नाले वळवले. वास गेला तशी ती लेकाला घेऊन ओटी भरायला निघाली. काठावरच्या गव्हानं माना टाकल्या होत्या आणि पात्रात नुसते गोटे होते.

"सत्यम, पाणी कुठं गेलं रं?"

"माय, घाणच तेवढी वाहत व्हती. नदीचं पाणी शहराच्या बोअरनी कवाच पिऊन टाकलं."

द्वारकाबाई खाली बसली. एका गोट्याला हळदकुंकू लावून तिनं खण उलगडला.

"आता कोणाची ओटी भरती, माय?"

"सवाष्ण मेली, तरी ओटी भरूनच उचलत्यात, बाबा."