काठोकाठ

"आगा, डेटाबेसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय. त्यात काय बघू?" झानेलनं विचारलं. कझाकस्तानातल्या शिमकेंत शहरातल्या रक्तपेढीत डेटाबेसची राखण मी एकवीस वर्षं केली. ती माझीच शिष्या, आता साहेब; तरी मला अजून 'आगा', म्हणजे दादाच म्हणते. मी हिरिरीनं सांगितलं, "उगाच कोकलणारं नको. डिस्क भरल्यावर बोंब मारणारं तर नकोच. भरत आलीय, हे आधीच सांगेल तेच घे." तिनं तसंच घेतलं. महिनाभर ते बिनचूक चाललं. मला कामच उरलं नाही. आज तिनं चहाला बोलावलं. आमच्याकडे पाहुण्याचा पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं. काठोकाठ भरला, तर समजायचं, आता निघा. मान खाली घालून झानेल ओततच राहिली. "आधी सांगायचंस गं," म्हणालो. "जीभच रेटेना, आगा." पियाला रिकामा करून उठलो. घरी कुणी नव्हतं. स्वतःसाठी चहा ओतताना हात अर्ध्यावरच थांबला.