विसणलेलं पाणी

ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून हेमांगीने समुद्रतळाच्या गाळातलं कणभर कवच उचललं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. "बघ, आई."

नवरा होडीसकट बुडाल्यापासून आईने समुद्राकडे पाठ फिरवली होती. आता तिच्या डोळ्यासमोर काळोखात मोतिया खोल्यांचं घर तरंगत होतं.

"फोरॅमिनिफेरा नावाचा एकपेशीय जीव हे बांधतो," हेमांगी म्हणाली. "त्याच्या वेळचं पाणी किती गरम होतं, ते यावरून कळतं."

आई बराच वेळ भिंगावरून हलली नाही. मग म्हणाली, "तुझो बापूस गेलो त्या वर्साचा पाणी थंड होता काय गो?"

एवढं नेमकं कुठलंच कवच सांगत नाही. अंदाजाने बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हेमांगी फैलावर घ्यायची.

"नाही गं," ती म्हणाली. "कोमट होतं. तू बाबांना आंघोळीला विसणून द्यायचीस ना, तस्सं."