डावा हात

"जिन्यावरून पडली," मी डॉक्टरला सांगितलं. घरातलं पेणच्या बाजारात कशाला मांडा?

गणपतीचे डोळे आखणारा माझ्या सुनेचा, मनालीचा, उजवा हात मोडला होता.

डॉक्टर म्हणाले, "आजी, आत धातूची पट्टी बसवतो. तिच्यावर हाडासारखाच लेप असतो. त्यातून औषध हळूहळू झिरपतं. हाड त्या पट्टीला आपलंच समजून धरून ठेवतं."

"मग परत मोडायचा नाय?"

"सहसा नाही."

"तर डाव्यात पण बसवा."

डॉक्टर हसले. "अहो, तो हात धड आहे."

"आज हाय," मी म्हणाले, आणि दाराशी उभ्या माझ्या लेकाकडे बोट केलं. "उद्याचं याला विचारा."